पासवर्ड : नेहमीचा

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, भर दुपारी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. बाबा म्हणजे माझे सासरे, वय ७४, पाटबंधारे विभागातून निवृत्त. नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं, डॉक्टरांनी लगेच अँजिओग्राफीसाठी आत घेतलं. बाहेर कॅशलेसच्या काउंटरवरच्या मुलीने पॉलिसीचं ई-कार्ड मागितलं. पॉलिसी बाबांच्या नावाची, लॉगिन बाबांचं, ओटीपी बाबांच्या मोबाइलवर. मोबाइल माझ्याच हातात होता, पण त्याचा पॅटर्न फक्त बाबांना माहीत, आणि बाबा आत टेबलावर.

भाऊजी प्रतापनगरला घरी धावले आणि बाबांच्या निळ्या रेक्झिनच्या डायरीच्या पानांचे फोटो त्यांनी मला पाठवले. विमा कंपनीच्या नावासमोर सुवाच्य अक्षरात यूझर आयडी, आणि खाली ‘पासवर्ड : नेहमीचा’. वीज बिल : नेहमीचा. रेल्वे तिकीट : नेहमीचा, पहिलं अक्षर मोठं. गॅस : नेहमीचा, शेवटी २. नेहमीचा म्हणजे नेमका कोणता, हे डायरीभर कुठेच नव्हतं. आम्ही तीन अंदाज केले आणि खातं २४ तासांसाठी बंद झालं.

उपचार थांबले नाहीत, आम्ही कार्डावरून अनामत भरली. अडीच तासांनी ताईंना, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंना, व्हॉट्सअ‍ॅपवर हप्त्याच्या पावतीचा जुना फोटो सापडला आणि त्यावर पॉलिसी क्रमांक होता. बाबांना एक स्टेंट बसला, पाचव्या दिवशी ते घरी आले. पण त्या बाकावर बसून मी जे तीन अंदाज टाइप केले, ते अजून माझ्या मनातून गेलेले नाहीत. मी शाळेत संगणक शिकवते. चांगला पासवर्ड कसा असावा हे दर जूनमध्ये आठवीच्या मुलांना फळ्यावर लिहून देते.

घरात काय काय होतं

घर दुमजली, माणसं आठ. खाली बाबा आणि आई, वर एका बाजूला भाऊजी आणि ताई, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं आणि अकरावीतली आमची मुलगी. भाऊजींचा मुलगा, वय २०, पुण्याला होस्टेलवर. मोबाइल आठ, त्यात पुतण्याचा एकटाच आयफोन. लॅपटॉप तीन, एक टॅबलेट, आणि दिवाणखान्यात सगळ्यांचा मिळून एक जुना विंडोज कॉम्प्युटर, ज्यावर बाबा शेअर बाजार पाहतात आणि आई भजनं लावतात.

बाबा घरी आल्यावर तिसऱ्या रविवारी तर्री-पोह्यांचा नाश्ता झाला आणि सगळे वही घेऊन बसलो. कोणाचं कुठे खातं आहे ते आठवून लिहायचं. १४३ निघाली. वीज, ऑरेंज सिटी वॉटरचं पाण्याचं बिल, महापालिकेचा घरटॅक्स, गॅस, प्राप्तिकर, बाबांचं पेन्शन आणि दर नोव्हेंबरला लागणारा हयातीचा दाखला, म्युच्युअल फंड, रेल्वे, शाळेची फी, कोचिंग क्लासचं पोर्टल, सिनेमा-मालिकांची चार सबस्क्रिप्शनं, वाय-फायचा राउटर. पासवर्ड कुठे होते? बाबांचे डायरीत. ताईंचे व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये, काही क्रोममध्ये. माझ्या नवऱ्याचे क्रोममध्ये. मुलीचे डोक्यात.

‘नेहमीचा’ काय आहे ते त्या दिवशी बाबांनी सांगितलं : नातवाचं नाव आणि त्याचं जन्मसाल. ६१ खात्यांना हाच, किंवा याचाच चुलतभाऊ. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ‘हॅव आय बीन पोन्ड’ नावाची साइट आहे, तिथे गळती झालेले पासवर्ड तपासता येतात. आपला पासवर्ड तिथे पाठवला जात नाही, त्यापासून गणिताने बनवलेल्या लांब ओळीची पहिली पाच अक्षरं तेवढी जातात. आमचा ‘नेहमीचा’ तिथे सापडला. तो आमच्याच खात्यातून गळला असं नाही. नागपुरात, पुण्यात, कुठेही त्या नावाचा, त्या साली जन्मलेला दुसरा एखादा नातू असणारच. पण एका दुकानाच्या साइटवरून गळलेला पासवर्ड चोर यंत्राने दुसऱ्या शंभर ठिकाणी लावून पाहतात, आणि आमच्या घरात तो ६१ ठिकाणी लागला असता.

काय काय पाहिलं

आता हवी होती सगळे पासवर्ड सांभाळणारी एक कुलूपबंद तिजोरी, म्हणजे पासवर्ड मॅनेजर. पहिला विचार साहजिकच गूगलचा. सगळ्यांकडे क्रोम, पैसे लागत नाहीत, नवीन काही शिकायचं नाही. एकट्या माणसाला किंवा नवरा-बायकोला ते पुरेसं आहे असं मी मनापासून म्हणेन, काहीच नसण्यापेक्षा तर कितीतरी बरं. आमच्याकडे ते दोन जागी अडलं. दिवाणखान्यातल्या कॉम्प्युटरवर नवऱ्याचं गूगल खातं कायम उघडं, त्यामुळे त्याच्या पासवर्डांचे सुचवलेले ठिपके जो बसेल त्याला मिळत. आणि कुटुंब गटातल्या माणसाला गूगलमधून पासवर्ड पाठवता येतो खरा, पण जाते ती त्याची प्रत. भाऊजींनी वीज बिलाचा पासवर्ड बदलला की माझ्याकडची प्रत जुनी. सहा माणसांत सहा प्रती झाल्या की पुन्हा डायरीच.

अ‍ॅपलचं पासवर्ड्स अ‍ॅप सप्टेंबर २०२४ पासून वेगळं मिळतं, वापरायला सुरेख आहे. घरात एकच आयफोन, तोही पुण्यात. विषय संपला.

कीपासवर माझा जीव आहे. २००३ पासून चालत आलेलं, फुकट, पासवर्डांची एक कुलूपबंद फाइल आपल्याच ताब्यात, कोणाच्या सर्व्हरवर ठेवायची सक्ती नाही. जूनमध्ये दोन आठवडे ते चालवून पाहिलं. फाइल सगळ्यांना मिळावी म्हणून गूगल ड्राइव्हवर ठेवली, ती उघडायला मोबाइलवर कीपासडीएक्स, लॅपटॉपवर कीपासएक्ससी. दहाव्या दिवशी नवऱ्याने ऑफिसातून एक नोंद केली, त्याच वेळी मी मोबाइलवरून दुसरी, आणि ड्राइव्हवर दोन फाइली उभ्या राहिल्या. त्या जोडता येतात, मी जोडल्याही. पण त्या दिवशी मी घरात नसते तर? आमचं सगळं प्रकरण सुरूच झालं होतं ते जाणता माणूस आत असल्यामुळे. मग मी स्वतःलाच नवी जाणती करून ठेवण्यात काय अर्थ होता?

लास्टपासचं नाव भाऊजींनी काढलं, त्यांच्या ऑफिसात कोणीतरी वापरतं म्हणून. मी नको म्हटलं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्याकडे घुसखोरी झाली आणि त्याच डिसेंबरमध्ये कंपनीने सांगितलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या आहेत. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण कोणत्या साइटवर खातं आहे ते पत्ते उघडे होते. त्यातली खरी गोष्ट भाऊजींना मी अशी सांगितली : तिजोरी चोराच्या घरी पोचली तर तिथे वाचवायला ना ओटीपी येतो, ना तीन चुकांनंतरचं कुलूप. तो वर्षानुवर्षं किल्ल्या लावत बसू शकतो. तिथे आपल्या बाजूने एकच गोष्ट उभी राहते, ती म्हणजे मास्टर पासवर्ड, अख्खी तिजोरी उघडणारा एकच पासवर्ड. हे कोणत्याही कंपनीच्या तिजोरीला लागू आहे, म्हणून पुढे आम्ही त्याच एका गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ घालवला.

शेवटी उरले वनपासवर्ड आणि बिटवॉर्डन. वनपासवर्डमध्ये एक सोय फार चांगली आहे : घरातल्या कोणी मास्टर पासवर्ड विसरला तर कुटुंबाचा व्यवस्थापक त्याचं खातं परत उघडून देऊ शकतो. शिवाय मास्टर पासवर्डखेरीज एक लांबलचक गुप्त किल्ली असते, त्यामुळे नुसता मास्टर पासवर्ड फोडून भागत नाही. पण फुकट योजना नाही, आणि कुटुंब योजना मुळात पाच जणांची. बिटवॉर्डनची कुटुंब योजना सहा जणांची. शिवाय एकट्याला ते फुकटात कितीही उपकरणांवर चालतं, आणि त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे. मास्टर पासवर्ड विसरल्यास तिथे ‘आपत्कालीन प्रवेश’ आहे : आपण आधी नेमलेला माणूस विनंती करतो, ठरवलेली मुदत संपेपर्यंत आपण नकार दिला नाही तर त्याला तिजोरी पाहता येते किंवा नवा मास्टर पासवर्ड लावून ताब्यात घेता येते. मुदत किमान एक दिवस.

हा एक दिवस वाचला आणि मी थांबले. हॉस्पिटलमधल्या त्या दुपारी आम्हाला एक दिवस परवडला नसता. म्हणजे आपत्कालीन प्रवेश हा आणीबाणीच्या तासासाठी नाहीच, तो महिनाभराच्या आजारपणासाठी, किंवा माणूस गेल्यानंतरसाठी आहे. तासाभरात लागणारी गोष्ट कोणाच्या वैयक्तिक तिजोरीत असताच कामा नये. हे उमगल्यावर निवड सोपी झाली. आम्ही बिटवॉर्डन घेतलं, कारण सहा जागा आणि सामायिक कप्पे यांत आमचं घर बसत होतं. पैसे डॉलरमध्ये द्यावे लागतात, आणि कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेचे २०२१ पासूनचे नियम कडक आहेत, परदेशी वसुली अडकू शकते. म्हणून नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिली आहे.

सहा जागा, माणसं आठ. पुतण्या आपणहून म्हणाला, “काकू, मी फुकटवालं घेतो, मला घरटॅक्स थोडाच भरायचा आहे.” आणि आईंनी पहिल्याच दिवशी हात जोडले. “मले नाही पाहिजे ते. माझे तीनच आहेत. ते मी लिहून ठेवते.” मी थोडा वाद घातला आणि मग गप्प बसले, कारण आईंचं बरोबर होतं. गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली ठेवलेल्या वहीपर्यंत परदेशातला कोणताही चोर पोचत नाही. तीन खात्यांसाठी, तीन वेगवेगळे पासवर्ड लिहिलेली वही ही उत्तम सोय आहे. बाबांच्या डायरीचं चुकलं ते कागद असण्यात नव्हतं, ‘नेहमीचा’ असण्यात होतं.

बाबांचा मास्टर पासवर्ड

बाबांना हरिपाठातली ओळ हवी होती. मी म्हटलं, बाबा, जी ओळ लाखो लोकांना पाठ आहे ती चोरांच्या यादीतही असते. मग फासे काढले. डाइसवेअर ही पद्धत अर्नाल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडली : ७,७७६ शब्दांची यादी, पाच फाशांनी एक शब्द, असे पाच-सहा शब्द. पाच शब्दांचे जोड २८ वर १८ शून्यं इतके होतात. ती यादी इंग्रजी, म्हणून आम्ही मराठी शब्दकोश घेतला. लुडोच्या फाशांनी पान ठरवायचं, फाशांनीच ओळ. आपल्या मनाने शब्द निवडायचा नाही, कारण आपलं मन पुन्हा नातवाकडेच जातं.

पहिल्या पाच शब्दांत ‘वांगी’ आलं. बाबांना फार आवडलं. दुसऱ्या दिवशी तिजोरी उघडेना. इंग्रजी अक्षरांत वांगी लिहिताना आदल्या दिवशी व्ही आणि दोन ए, आज डब्ल्यू आणि एक ए! तिसऱ्या दिवशी तर मध्ये जी की एन-जी यावर आई-बाबांचाच वाद. आपण सगळे मोबाइलवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो आणि प्रत्येकाचं लेखन वेगळं, एकाच माणसाचंही रोज वेगळं. मग नियम केला : ज्या शब्दाचं रोमन लेखन बाबा डोळे मिटून तीनदा एकसारखं सांगतील तोच ठेवायचा, नाहीतर फासे पुन्हा. वांगी गेलं, ‘फणस’ गेलं, ‘छत्री’ गेली. तासाभराने पाच शब्द उरले. लहान, साधे, दीर्घ स्वर नसलेले.

पुढे दोन आठवडे रोज संध्याकाळी सातच्या बातम्यांआधी बाबा तो एकदा टाइप करत. हे आवश्यक होतं. मोबाइलवर बोट ठेवलं की तिजोरी उघडते, मग मास्टर पासवर्ड महिनोन्‌महिने लागत नाही आणि माणूस विसरतो. बाबांच्या बोटांचे ठसे तसेही झिजलेत, म्हणून त्यांच्याकडे पिन ठेवला.

कप्पे आणि पाकीट

सामायिक कप्पे तीन केले. ‘दवाखाना’मध्ये सगळ्यांच्या पॉलिसी, ई-कार्डं, रक्तगट, बाबांच्या औषधांची यादी. ‘घर’मध्ये वीज, पाणी, घरटॅक्स, गॅस, राउटर. ‘मुलं’मध्ये शाळा आणि क्लास. हे सहाही जणांना दिसतात. बाकी ज्याचं त्याचं. एटीएम आणि यूपीआयचे पिन कुठेही ठेवले नाहीत, ना तिजोरीत, ना कागदावर.

या कामात एक गोष्ट अशी निघाली जिचा पासवर्डशी संबंध नव्हता. बाबांच्या ठेवी एकेक करून नोंदवताना दोन ठेवींना नॉमिनीच लावलेला नाही असं दिसलं. बाबा बराच वेळ पावत्या पाहत राहिले. “मी गेल्यावर तुम्ही माझा पासवर्ड टाकून पैसे काढाल असंच वाटून राहिलं होतं मला,” ते म्हणाले. तसं करता येत नाही आणि करूही नये, तिथे नॉमिनीची नोंदच कामाला येते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बँकेत जाऊन आईंचं नाव लावलं.

मग पाकीट. नव्या उपकरणावरून बिटवॉर्डन उघडताना, दुहेरी पडताळणी लावलेली नसेल, तर ते ईमेलवर कोड पाठवतं. आता जीमेलचा पासवर्डही तिजोरीतच असेल तर? किल्ली आत आणि दार बंद. मोबाइल हरवला की हेच होतं. म्हणून बाबांचा मोबाइलचा पॅटर्न, मास्टर पासवर्ड, जीमेलचा पासवर्ड आणि जीमेलचे राखीव कोड एका कागदावर लिहून पाकीट चिकटवलं आणि त्यावर बाबांनी आडवी सही केली. तसंच माझंही. दोन्ही पाकिटं आईंच्या कपाटात.

चुका झाल्या, आणि सर्वांत मोठी माझी. क्रोममधले पासवर्ड बाहेर काढताना जी फाइल बनते ती साधी, कुलूप नसलेली असते. ती आत भरल्यावर लगेच पुसायची. मी विसरले. ताईंचे पासवर्ड दिवाणखान्यातल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये आठ दिवस उघडे पडले होते. मी ताईंना सांगितलं, आणि आम्ही दोघींनी बसून त्यातले महत्त्वाचे सगळे बदलले. दुसरं म्हणजे क्रोमचं ‘सेव्ह करू का?’ बंद करायचं राहिलं होतं. तीन आठवडे नवे पासवर्ड कधी इकडे, कधी तिकडे जात राहिले. नवं आणलं की जुनं त्याच दिवशी बंद करायचं, हे आधी करायला हवं होतं.

काही सरकारी आणि बँकांच्या साइटवर पासवर्ड पेस्टच करता येत नाही, पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर टिचकावं लागतं. तिथे वीस चिन्हांचा गोंधळ बाबांना जमेना. त्या चार खात्यांसाठी शब्दांचे पासवर्ड केले, पाहून लिहिता येतील असे.

ऑक्टोबरमध्ये बाबांची हाक आली. “तुझी तिजोरी बिघडली वाटते बेटा. बँकेचं नावच नाही दाखवून राहिली.” मी आधी साइटचा पत्ता पाहिला. शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं होतं, आणि पुढे सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. हा पत्ता बँकेखेरीज कोणाला मिळत नाही. तिजोरी बिघडली नव्हती. तिच्या नोंदीत जुना पत्ता होता, नवा तिला अनोळखी होता, म्हणून ती गप्प बसली. बँकेच्या पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केली आणि मग नवा पत्ता नोंदीत घातला. बाबांना मी तेव्हा समजावलं : आपण पान पाहतो, रंग आणि बोधचिन्ह ओळखीचं वाटलं की पासवर्ड देतो. ही फक्त पत्ता पाहते. ती गप्प बसली तर कॉपी करून घालायचं नाही, मला हाक मारायची.

फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्यापुढे यातलं काहीच उपयोगाचं नाही, हेही त्यांना तितकंच स्पष्ट सांगितलं. त्यासाठी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक आईंच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आहे.

डिसेंबरात आम्ही रंगीत तालीम केली. बाबा आणि मी दोघंही बाहेर फुटाळा तलावावर गेलो, मोबाइल बंद करून. घरात आई, ताई आणि माझी मुलगी. काम एवढंच : बाबांचं ई-कार्ड काढायचं, आणि बाबांची तिजोरी नव्या टॅबलेटवर उघडायची. ई-कार्ड ताईंनी दोन मिनिटांत काढलं, ‘दवाखाना’ कप्प्यातून. तिजोरी मात्र उघडली नाही. आईंनी पाकीट फोडलं, मास्टर पासवर्ड बरोबर निघाला, मग ईमेलवर कोड गेला, आणि जीमेलचा कागदावरचा पासवर्ड जुना होता. बाबांनी नोव्हेंबरमध्ये तो बदलला होता. राखीव कोड होते, पण ते पासवर्डाच्या पुढच्या पायरीवर लागतात.

नवं पाकीट केलं, नवी सही झाली. आता जीमेलचा पासवर्ड बदलायचा असेल तर आधी आईंकडे कपाटाची किल्ली मागावी लागते, आणि आई विचारतात, “काऊन बदलून राहिले?” कारण सांगितलं की कमरेची किल्ली काढून देतात.